पोरांनी रांधलेले आजाऱ्यांचे डबे आणि मिरचीचा प्रश्न

बोरीकाठ

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचत असते. आज काम अडलंय म्हणून धागा काढला.

आमचं गाव अमळनेर-पारोळा पट्ट्यातलं. माझा बिबड्या (ज्वारीचे वाळवलेले पापड) आणि पापडांचा छोटा घरगुती व्यवसाय आहे. बिबड्या उन्हाच्या, त्यामुळे संक्रांत सरली की सुरू आणि अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास आटोपलं. उरलेलं वर्ष पत्र्याची शेड, दोन मोठ्या शेगड्या, पातेली, वजनकाटा सगळं झाकून पडलेलं. गल्लीतल्या एका बाईंना केमो सुरू झाली आणि त्या घरात पहिल्यांदा काय बंद पडलं असेल तर चूल. कारण रांधणारी तीच होती. नवरा चहापलीकडे गेलेला नाही, मुलगा पुण्यात. शेजारच्या दोन बहिणी आणि त्यांचा चुलतभाऊ, वय चौदा ते सोळा, माझ्याकडे आले. म्हणाले, "मावशी, शेडमध्ये काकूंचा डबा करू का?"

तिथून हे वाढलं. आता नववी ते बारावीची डझनभर पोरं आहेत, त्यात मुलगे जवळपास निम्मे. बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी रांधायचं, सायकलवर डबे पोचवायचे. केमोवाली घरं आहेत, डायलिसिसवाली आहेत, टीबीचे दोन पेशंट आहेत. मोठी पातेली उतरवणं आणि कुकर उघडणं हे काम माझं नाहीतर माझ्या जावेचं, पोरांनी त्याला हात लावायचा नाही. आईवडिलांची सही घेतल्याशिवाय कोणाला शेडमध्ये घेत नाही.

अडलंय ते चवीपाशी. आपल्याकडचा माणूस मिरचीशिवाय जेवण ओळखतच नाही. डॉक्टर सांगतात तिखट बंद, मीठ कमी. तसं रांधलं की डबा अर्धा परत येतो. गल्लीतल्या अनुभवी बायका मदतीला आल्या होत्या, त्यांचा हात शेंगदाण्याच्या कुटाकडे आणि ठेच्याकडे आपोआप जातो. चाळीस वर्षांची सवय आहे, त्यांना नावं ठेवत नाही. एक मात्र मला नवल वाटलं. पथ्याचं जेवण पोरांच्या हातून जास्त चांगलं होतं. त्यांच्या हाताला अंदाजाची सवयच नाही. मीठ वजनकाट्यावर मोजतात, कार्डावर लिहिलंय तेवढंच घालतात आणि "का?" असं दहादा विचारतात.

तर विचारायचं असं: तिखट-मीठ कमी ठेवून आपल्या घरची चव कशी राखायची? आणि वेगवेगळ्या आजारांचे डबे एकाच चुलीवर कसे निभवायचे? सूप-सॅलड सुचवू नका. एका आजींनी सूपचा डबा उघडला आणि विचारलं, "आनि भाकर?"

खापरावरची

आधी तुमच्या पोरांना शाबासकी. मिरची गेली तर तिची जागा लसूण, जिरं, ओवा आणि कोथिंबिरीने भरायची. फुनके करून बघितले का? तूरडाळ भिजवून भरड वाटायची, त्यात कांदा, भाजलेला लसूण, कोथिंबीर, हळद, चिमूट हिंग. मुटके वळून वाफवायचे. तळण नाही, तेल नावापुरतं, डाळ भरपूर. तोंडाला चव नसलेला माणूसही वाटीभर कढीत कुस्करून दोन फुनके खातो. कढीत मिरचीऐवजी आलं आणि कढीपत्ता.

माझ्या आजेसासूबाई शेजारी बसल्यात, त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं टाकते: "पोरेसले सांगजा, लसूण कच्चा टाकू नका. भाजीसन टाका. भाजेल लसूण व्हयी त तिखट नही तरी चव येस."

स्पष्टवक्ता_धुळे

चांगलं चाललंय, पण मी जरा कडू बोलणार. हल्ली समाजसेवा म्हणजे आधी फोटो. आजारी माणसाच्या दारात डबा देताना चार पोरं आणि एक मोबाईल, असं दृश्य मी धुळ्यात पाहिलंय. दुसरं, दहावी-बारावीच्या पोरांचा वेळ. तिसरं, ही पोरं केमोच्या पेशंटला बघतात, उद्या तो माणूस गेला तर त्यांच्या मनाचं काय? आणि केमोच्या पेशंटला बाहेरच्या अन्नातून जंतुसंसर्ग झाला तर जबाबदार कोण?

बोरीकाठ

@स्पष्टवक्ता_धुळे, कडू चालेल, प्रश्न खरे आहेत. फोटोला शेडमध्येही बंदी आहे, दारात तर सोडाच. परीक्षेच्या दोन महिने आधी दहावी-बारावीची पोरं आपोआप गळतात, मग नववी-अकरावीवाले ओढतात. जबाबदारीच्या प्रश्नावर कोणी जाणकार बोललं तर बरं. मनाच्या प्रश्नावर मी काय सांगू, पोरांपैकीच कोणी लिहील.

पथ्यपाणी

मी आहारतज्ज्ञ, जळगाव जिल्ह्यात काम करते. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

पौष्टिक म्हणून सगळ्यांना चालेल असं एक जेवण नसतं, इथून सुरुवात करा. पालक-टोमॅटोची भाजी, वर नारळपाणी आणि एक केळं, असा डबा कोणीही कौतुकाने भरेल. डायलिसिसच्या पेशंटला तोच डबा धोक्याचा आहे. मूत्रपिंड पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाही, ते रक्तात साचतं आणि हृदयाची लय बिघडवतं. केळ्यात शंभर ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम पोटॅशियम. रावेर-यावल-चोपड्याच्या माणसाला "केळं बंद" सांगताना माझ्याच जिवावर येतं. घरासमोर बाग, पाहुणा आला की घड उतरवतात, आणि मी म्हणायचं खाऊ नका.

डायलिसिसच्या डब्यासाठी: बटाटा, रताळं यांसारख्या भाज्या सोलून बारीक चिरायच्या, भरपूर पाण्यात भिजवायच्या, मग नव्या भरपूर पाण्यात उकडायच्या आणि ते पाणी फेकून द्यायचं. पोटॅशियम बरंचसं पाण्यात उतरतं, सगळं नाही, म्हणून तरीही प्रमाणातच. गिलकं आणि दुधी त्यामानाने सोपे. वांगंही पूर्ण बंद नाही, वाटीभर भरीत आठवड्यातून एखाद्या वेळी बहुतेकांना चालतं, मात्र शेंगदाणे न घालता. शेंगदाण्यात फॉस्फरस. गुळात साखरेपेक्षा पोटॅशियम जास्त, त्यामुळे "साखर वाईट, गूळ चांगला" हे इथे उलटं होतं.

मिठाबद्दल एक गोष्ट लाल शाईने लिहून शेडच्या भिंतीवर लावा. दुकानात "कमी सोडियमचं मीठ" मिळतं. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं. रक्तदाबाच्या काही लोकांना ते सुचवतात, पण किडनीच्या पेशंटला डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. सैंधवही शेवटी मीठच, ते "चालतं" ही समजूत काढून टाका. आणि धागालेखिकाताई, राग मानू नका, पण या डब्यात तुमच्या बिबड्या नकोत. मीठ आणि पापडखार.

प्रथिनांचा घोळ सगळ्यात मोठा. डायलिसिस सुरू व्हायच्या आधी प्रथिनं कमी करायला सांगतात. सुरू झाल्यावर उलट वाढवावी लागतात, कारण डायलिसिसमध्ये ती वाहून जातात. दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १ ते १.२ ग्रॅम. घरातले लोक मात्र जुना कागद धरून डाळ आणि अंडं बंदच ठेवतात आणि पेशंट वाळत जातो. अंडं खाणारा असेल तर पांढरा भाग उत्तम. पाण्याची मर्यादा दिली असेल तर कढी, वरणाचं पाणी, चहा, ताक हे सगळं त्या हिशेबात धरायचं. म्हणून घट्ट वरण.

प्रत्येक घराचं एक कार्ड करा. काय चालतं, काय नाही, हे पेशंटच्या डॉक्टरांनी किंवा आहारतज्ज्ञाने लिहून दिलेलं. पोरांनी किंवा तुम्ही मनाने एक ओळही वाढवायची नाही. माझंही इथलं लिहिणं कार्डाची जागा घेणार नाही. रक्ताचा रिपोर्ट दर महिन्याला बदलतो, कार्डही बदलेल.

तुमच्या पोरांच्या वजनकाट्याबद्दल वाचून मला काय वाटलं सांगू का? वॉर्डात मी बायांना "पाऊण चमचा मीठ" सांगते तेव्हा त्या हसतात. तुमच्याकडे न हसणारी डझनभर माणसं आहेत.

भुसावळ_दादर

माझे वडील केमोसाठी परळच्या टाटा रुग्णालयात जायचे. रात्रीच्या गाडीने जायचं, काम झालं की रात्रीच्या गाडीने परत. गाडीच्या आमच्या डब्यात खानदेशातले एकदोन पेशंट असायचेच. दर २१ दिवसांनी डोस होता. केमोवाल्या घरांसाठी दोन गोष्टी आमच्या अनुभवातून.

डोसनंतरचे पहिले चारपाच दिवस वास सहन होत नाही. फोडणीचा तर नाहीच. गरम अन्नाला वास जास्त येतो, त्यामुळे बाबा कोमट खिचडी खायचे, गरम आणली की तोंड फिरवायचे. स्टीलच्या चमच्याने त्यांना तोंडात लोखंड धरल्यासारखं वाटायचं. आम्ही लाकडी चमचा आणला आणि त्या दिवशी जेवण जास्त गेलं. एवढीशी गोष्ट कोणी आधी सांगितली नव्हती.

तोंड आलं की भाकरी बंद. तेव्हा ज्वारीच्या कण्या. मऊ शिजवून, वर दूध नाहीतर तूप. भाकरीच खाल्ल्याचं समाधान त्यांना त्यातून मिळायचं, कारण चव ज्वारीचीच.

पथ्यपाणी

@भुसावळ_दादर, अगदी बरोबर. त्यात भर: पांढऱ्या पेशी बहुतेक औषधांत डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत सगळ्यात खाली जातात. माणूस दिसायला बरा दिसतो, उलट्या थांबलेल्या असतात आणि घरचे म्हणतात आता सगळं देऊ. खरी काळजी त्याच आठवड्यात. कच्ची कोशिंबीर नको, वर भुरभुरलेली कच्ची कोथिंबीर नको, न तापवलेलं दूध नको, काल रात्रीचा भात तर नकोच. म्हणून केमोच्या कार्डावर डोसची तारीख हवी.

बोरीकाठ

तारीख आमच्या कार्डावर नव्हती. आज लिहायला लावली. कण्या उद्याच भरडून आणते.

नंदुरबारी

मी टीबीच्या कामात आहे, नंदुरबार जिल्ह्यात. टीबीच्या दोन पेशंटांचं वाचलं म्हणून लिहितो.

पथ्याच्या बाबतीत हे तुमचे सगळ्यात सोपे पेशंट. मधुमेह वगैरे सोबत नसेल तर टीबीला बंद काही नाही, वाढवायचंच आहे. वजन वाढायला हवं. आपल्याकडची कळण्याची भाकरी, ज्वारी आणि उडदाची, वर चमचाभर तेल, सोबत अंडं किंवा डाळ. त्यांना शेंगदाणे भरपूर घाला, डायलिसिसवाल्यांचे वाचलेले.

आहाराचा परिणाम नुसता वाटण्यापुरता नाही. झारखंडमध्ये टीबी पेशंटांच्या घरांना धान्य-डाळीची पाकिटं देऊन मोठा अभ्यास झाला, २०२३ मध्ये तो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. ज्या घरात सगळ्या माणसांना जादा आहार मिळाला, तिथे घरातल्या इतरांना टीबी होण्याचं प्रमाण ३९ ते ४८ टक्क्यांनी कमी झालं. म्हणजे डबा एकट्या पेशंटचा नको. आईचा डबा आला तर आई तो पोरांनाच खाऊ घालते, हे तुम्हाला माहीत आहे. घराचा डबा द्या.

टीबी पेशंटांच्या आहारासाठी सरकारची निक्षय पोषण योजना आहे, तिचे पैसे त्यांना मिळतात का हेही विचारा. २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. थेट बँक खात्यात येतात. खातं जोडलेलं नाही म्हणून अडकलेले बरेच सापडतात. तुमची बारावीची पोरं मोबाईलवर हे काम चांगलं करतील.

एक इशारा. टीबीच्या घरी डबा देताना गल्लीला कळता कामा नये. लोक अजून कपबशी वेगळी ठेवतात.

खापरावरची

हे फार महत्त्वाचं. आमच्याकडे एका घरात "आमच्याकडे डबा येतो" हे कळल्यावर सोयरिकीची बोलणी थांबली होती. आजार लपवायचा नसतो वगैरे बोलायला सोपं आहे.

बोरीकाठ

लाजेवर आम्ही काढलेला उपाय असा. डब्यावर नाव नाही, आजार नाही, आतल्या झाकणाला रंगीत दोऱ्याची गाठ. कोणता रंग कोणाचा हे वहीत. पिशवी साधी कापडी, शिकवणीला जाणाऱ्या पोराच्या हँडलला लटकलेली. बघणाऱ्याला वाटतं पोरगं सामान घेऊन चाललंय.

आणि उलटी बाजूही सांगते. सुरुवातीलाच एका घरून निरोप आला, "रांधणारी पोरं कोणाकोणाची आहेत?" मी सांगितलं, सगळ्यांची. चालत नसेल तर तसं कळवा. त्यांनी कळवलं, नको. पुढे पंधरा दिवसांत त्यांच्याच सुनेने मागच्या दाराने येऊन डबा मागितला. आम्ही कार्ड काढलं आणि डबा सुरू केला. त्या निरोपावर तिकडूनही कोणी बोललं नाही, इकडूनही नाही.

सातासमुद्रापार

पारोळ्याचा आहे, कामानिमित्त उत्तर कॅलिफोर्नियात राहतो. इथे सोनोमा काउंटीतल्या सेबॅस्टोपोल गावात सेरेस कम्युनिटी प्रोजेक्ट नावाची संस्था नेमकं हेच काम करते. कॅथरीन काउच या बाईंनी २००७ मध्ये सुरू केली. किशोरवयीन मुलं शेफच्या देखरेखीखाली कॅन्सर आणि इतर गंभीर आजारांच्या लोकांसाठी ताजं, सेंद्रिय जेवण रांधतात, मोठे स्वयंसेवक घरोघर पोचवतात. स्वतःची बागही आहे, तिथेही मुलंच राबतात. सुरुवात म्हणे एका ओळखीच्या बाईने "माझ्या मुलीला स्वयंपाक शिकव, काहीतरी काम दे" म्हणून गळ घातल्यामुळे झाली.

न्यूयॉर्कमधली आजाऱ्यांना डबे देणारी एक मोठी संस्था १९८५ ची, एड्सच्या पेशंटांसाठी सुरू झालेली. तेव्हा त्या पेशंटांच्या दारात कोणी जात नव्हतं, ते डबा घेऊन गेले.

तुमच्या उपक्रमात मला इथल्यापेक्षा एक गोष्ट बरी वाटली: आजीची भाकर. आमच्याकडे केल नावाची पालेभाजी आणि क्विनोआ नावाचं धान्य पाठवतात. इथले लोक आवडीने खातात, प्रश्न नाही. पण आमच्या सोसायटीतल्या एका गुजराती आजोबांना असा डबा मिळाला तेव्हा त्यांनी फोन करून माझ्या बायकोकडे खिचडी मागितली.

स्पष्टवक्ता_धुळे

अमेरिकेत आहे म्हणजे चांगलंच असेल, असं मी मानत नाही. तिथे शेफ आहे, शीतगृह आहे, विमा आहे. इथे पत्र्याची शेड आणि ४५ अंश. अन्न टिकण्याबद्दल अजून कोणी बोललेलं नाही.

पथ्यपाणी

बोलते. हा धाग्यातला सगळ्यात चांगला आक्षेप आहे.

शिजलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मधे राहिलं की जंतू झपाट्याने वाढतात. सर्वसाधारण नियम असा की दोन तासांपेक्षा जास्त त्या पट्ट्यात ठेवू नये. बाहेरचं तापमान ३२ च्या वर असेल तर एकच तास. म्हणजे खानदेशात होळीपासून पाऊस पडेपर्यंत तुमचा नियम एक तासाचाच धरा. पातेलं उतरल्यापासून शेवटच्या घरी डबा पोचेपर्यंत. एकाच पोराने आठ घरं फिरायची नाहीत, चार पोरांनी दोन-दोन घरं करायची. कोमट जेवण आवडणाऱ्या पेशंटलाही डबा गरमच पोचवा, कोमट त्यांनी आपल्या ताटात करावं.

भात खास धोक्याचा. त्यातला एक जंतू बीजाणूच्या रूपात शिजवण्यातून वाचतो आणि भात कोमट राहिला की वाढतो. त्याचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. उन्हाळ्यात भाताऐवजी भाकरी किंवा कण्या, आणि भात दिलाच तर लगेच खाण्यापुरता.

ज्याला जुलाब झालेत त्याने थांबल्यानंतरही दोन दिवस शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही. खोकला-सर्दीवाल्याने डबा घेऊनही जायचं नाही. पोरं हे लपवतात, कारण त्यांना यायचं असतं. दारातच विचारा.

गिरणा_वकील

कायद्याचं थोडक्यात. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात अन्न व्यवसायाची व्याख्या "नफ्यासाठी असो वा नसो" अशी आहे. त्यामुळे फुकट वाटतो म्हणून आपण बाहेर, असं नाही. तुमची नोंदणी पापड-बिबड्यांची असेल. त्यात शिजवलेलं जेवण हा प्रकार वाढवून घ्या. छोट्या नोंदणीचं शुल्क वर्षाला १०० रुपये आहे, त्यासाठी टाळू नका. पालकांच्या सह्या घेताय ते उत्तम. पेशंटच्या घरून कार्डावरही सही घ्या. आणि कार्डांची वही कुलपात. आजाराची माहिती ही त्या माणसाची असते, गल्लीची नाही.

बारावी_सायन्स

मी त्या ग्रुपमधला आहे. मावशींनी सांगितलं म्हणून खातं उघडलं. इथे सगळे मोठे आहेत, चुकलं तर सांभाळून घ्या.

मनाचं काय, असं कोणीतरी विचारलं होतं. एक आजोबा गेले. मी त्यांना सहा महिने डबा दिला. त्यांना जेवणात फार रस नव्हता, त्यांना स्कोअर पाहिजे असायचा. डबा उघडायच्या आधी विचारायचे किती झाले, कोण आऊट झालं. घरी येणारे सगळे त्यांना हे खा, ते खाऊ नका, अमक्या वैद्याकडे जा असं सांगायचे. आम्ही काही सांगायचो नाही कारण आम्हाला काही माहीतच नव्हतं. मला वाटतं त्यांना ते बरं वाटायचं. गेले तेव्हा मला वाईट वाटलं, दोन वेळा शेडमध्ये गेलो नाही. मग गेलो. आईने विचारलं बंद करायचं का, मी नाही म्हटलं. मनाचं एवढंच सांगता येतं.

दुसरं, भाकरीबद्दल. घरी मला कोणी परातीला हात लावू देत नव्हतं. पहिल्यांदा थापली तेव्हा बहिणीने व्हिडिओ काढून सगळ्या भावंडांना पाठवला. आता घरी मी करतो आणि ती अभ्यास करते, हा सौदा मला महागात पडलाय.

चवीचं: कार्डाच्या मागे आम्ही अजून एक ओळ लिहितो, आजारी पडायच्या आधी काय आवडायचं. त्यातून बरंच कळतं. एका काकांनी शेवभाजी लिहिलं होतं. ती देता येत नाही, शेव तळलेली, खारट आणि रस्सा जाळ. पण आम्ही भाजलेला कांदा, भाजलेलं सुकं खोबरं आणि खसखस वाटून मिरचीशिवाय तसाच काळसर रस्सा केला, त्यात डाळीचे छोटे वाफवलेले गोळे सोडले. आधी पथ्यपाणी मॅडमसारख्या एका ताईंना कार्ड दाखवून विचारलं होतं, त्यांनी थोडं चालेल म्हटलं. काका म्हणाले ही शेवभाजी नाही, पण पाठवत जा.

पथ्यपाणी

@बारावी_सायन्स, मागची ओळ मी चोरणार आहे. वॉर्डातल्या आमच्या फॉर्मवर आवडीचा रकाना नाही. एकच सांगते, हा रस्सा डायलिसिसच्या डब्यात घालू नकोस. खोबरं आणि खसखस दोन्ही तिथे नकोत. तिथे कांदा-लसूणच भाजून घे, रंग तेवढ्यानेही येतो.

स्पष्टवक्ता_धुळे

मुलाचं लिहिणं आवडलं. माझा एक मुद्दा तरीही उभा आहे. हे सगळं एका मावशींच्या शेडवर आणि तब्येतीवर चाललंय. त्या आजारी पडल्या, किंवा बिबड्यांचा सीझन आला, की त्या घरांचं काय? सवय लावून डबा बंद करणं हे न देण्यापेक्षा वाईट.

बोरीकाठ

@स्पष्टवक्ता_धुळे, हे खरं आहे आणि यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अर्धं आहे ते सांगते. पोरं आता डब्यासोबत घरातल्या एका माणसाला त्या पेशंटचे दोन पदार्थ शिकवून येतात. पहिल्या घरातले चहापलीकडे न गेलेले काका आता मुगाची खिचडी आणि फुनके करतात. फुनके जरा दगडी होतात. सीझनमध्ये आम्ही बुधवार बंद करून फक्त रविवार ठेवू, आणि ज्या घरात असं शिकलेलं कोणीच नाही त्यांनाच दोन्ही दिवस. कोणती घरं ती, हे पोरांनीच ठरवून यादी दिलीय. मला त्यातली दोन नावं पटली नाहीत. पोरं म्हणाली, मावशी, तुम्ही त्या घरात आत गेल्या नाहीत, आम्ही गेलोय.

@खापरावरची, आजेसासूबाईंना नमस्कार सांगा. लसूण आता शेगडीवर जाळीत भाजतो, शेडभर वास सुटतो. फुनके पोरं किती वेळ वाफवतात यावरून रोज भांडण असतं.

खापरावरची

पंधरा ते वीस मिनिटं. सुरी घालून बघा, कोरडी निघाली की झालं. काकांचे दगडी होतात म्हणजे डाळ फार कमी भिजतेय, नाहीतर दाबून वळतायत. हलक्या हाताने वळायला सांगा.

आणि श्रावण आला. आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीचा रविवार आला की काय करता? आमच्याकडे रोटांच्या, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या दिवसांत भाऊबंदांशिवाय कोणी कोणाच्या घरी दिसत नाही. तुमची अर्धी पोरं गायब होतील.

बोरीकाठ

अर्धी नाही, पाऊण. मीसुद्धा नसेन, घरी रोट आहेत. त्या रविवारचं पोरांनी आपसातच ठरवलंय. खालच्या गल्लीतली मुस्लिम पोरं आणि ज्यांच्याकडे कानबाई बसत नाही अशी दोघंतिघं मिळून सगळे डबे करणार. ईदच्या दिवशी बाकीच्यांनी केले होते, त्याची ती फेड, असं त्यांचं त्यांनीच बोलून घेतलंय. कुकर उघडायला जावेची बहीण येणार आहे. फक्त त्यांच्यातल्या एकालाही भाकरी धड थापता येत नाही, कडा चिरतात. त्या दिवशी अमळनेर-पारोळ्याकडे कोणी मोकळं असेल आणि हाताला ज्वारीच्या पिठाची सवय असेल, तर मला निरोप टाका. दुपारी चारपर्यंत पोचायचं आहे. येताना मिरची आणू नका.